कालवडीची आंघोळ

वासराला आंघोळ घालायची नसते, हे मला कुणीही सांगितलं नव्हतं. मेव्हण्याने दवाखान्यात दाखल व्हायला निघताना शंभर गोष्टी सांगितल्या. चारा कुठे आहे, पेंड किती द्यायची, पाण्याची मोटर चालू करताना बोर्डावर हात कुठे ठेवायचा नाही, कुत्र्याला कोणत्या नावाने हाक मारली तर ते येतं आणि कोणत्या नावाने मारली तर चावतं, हे सगळं सांगितलं. पण 'भावोजी, गाय व्याली की वासराला साबण लावू नका' एवढं एक वाक्य सांगायला त्याला सवड झाली नाही. आता सगळी दुनिया म्हणते, यात सांगायचं काय, हे कुणालाही कळतं. हा 'कुणालाही' नावाचा इसम मला आयुष्यात कधी भेटलेला नाही, पण माझ्यापेक्षा त्याला सगळं जास्त कळतं, हे मात्र मी लहानपणापासून ऐकत आलो आहे.

मेव्हण्याला मूतखडा झाला होता. दुखणं तसं नेहमीचं, पण तो ज्या तऱ्हेने कळवळायचा त्यावरून आत खडा नसून खडीची खाण असावी असं वाटे. शहरातल्या दवाखान्यात ऑपरेशन ठरलं, त्याची बायको सोबतीला जाणार होती, आणि मागे शेतावरच्या घरात राहायला कुणीतरी हवं होतं. माझी बायको म्हणजे त्याची थोरली बहीण. तिने फोनवर लगेच सांगून टाकलं, "आम्ही आहोत ना." आमच्या घरात 'आम्ही' याचा अर्थ मी असा होतो.

त्याच्या बाकीच्या गायी शेजारच्या डेअरीवाल्याने आपल्या गोठ्यात नेऊन बांधल्या होत्या. एकच मागे राहिली, कारण तिचे दिवस भरत आले होते आणि तिचं हे पहिलंच वेत होतं. ही गाय जन्मली तेव्हाच तिची आई गेली. मेव्हण्याने तिला स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ठेवून बाटलीने दूध पाजून वाढवलं. तिच्याविषयी बोलताना तो 'गाय' म्हणतच नाही, 'आमची पोर' म्हणतो. गाडीत बसताना त्याने पोट धरलेला हात सोडून माझा हात धरला आणि म्हणाला, "भावोजी, माझं काय व्हायचं ते होईल. पोरीचं आणि तिच्या पिल्लाचं तेवढं बघा." समोरच्याने एवढ्या विश्वासाने आपल्याकडे पाहिलं की आपल्याला यातलं काही येत नाही हे सांगणं जड जातं. मी मान डोलावली.

इथे माझ्याविषयी थोडं सांगणं भाग आहे. मी आयुष्यभर आरोग्य खात्यात स्वच्छता निरीक्षक होतो. हॉटेलांच्या भटारखान्यात शिरायचं आणि पातेल्यांच्या बुडाला बोट लावून बघायचं, हे माझं काम. मी रस्त्याच्या कोपऱ्यावर दिसलो की मिठाईवाले माश्या हाकलायला लागत. निवृत्त झाल्यावर अधिकार गेला, पण बोट राहिलं. अजूनही कुणाकडे जेवायला गेलो की ते आपोआप ताटाखाली जातं आणि बायको टेबलाखालून पाय मारते. अशा माणसाच्या ताब्यात बाळंतीण द्यावी का, हा विचार खरं तर मेव्हण्याने करायला हवा होता.

डेअरीवाल्याने बजावलं होतं की गाय सारखी उठबस करायला लागली की लगेच मला हाक मारा. मेव्हण्याच्या ऑपरेशनच्या दिवशी सकाळी ती उठबस करत होती, हे मी पाहिलंही होतं. पण वर्तमानपत्र हातात पडेपर्यंत मीही रोज अशीच उठबस करतो, त्यामुळे मला त्यात विशेष काही वाटलं नाही. हवेत गारठा होता. माझ्या अंगात करड्या रंगाचा लोकरी कोट होता, कारण सोबत आलेल्या बायकोने घाईघाईत स्वेटर समजून तोच बॅगेत भरला होता. कोट घालून मी ओट्यावर सावकाश चहा घेतला. कप ठेवून कुंपणापाशी गेलो, तर गाय उभी होती आणि तिच्या मागे गवतावर एक ओलं, चिकट, वाफाळतं गाठोडं कान हलवत पडलं होतं.

मला न विचारता सगळं परस्पर उरकलं होतं. थोडा अपमान वाटला, पण त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं. डेअरीवाल्याला हाक मारायचं कारणच उरलं नव्हतं. कालवड होती. तांबूस रंग, कपाळावर पांढरा ठिपका, आणि डोळे असे की तिने जग पाहायच्या आधी कुणीतरी ते जरा आवरून ठेवायला हवं होतं. मग माझी निरीक्षकाची नजर जागी झाली. तिच्या अंगभर बुळबुळीत काहीतरी होतं, त्याला गवताच्या काड्या आणि माती चिकटली होती. तेवढ्यात गाय वळली आणि तिने जीभ बाहेर काढली. हीच जीभ आदल्या दिवशी मी कुंपणाच्या गंजक्या खांबावरून फिरताना पाहिली होती. मी म्हटलं, थांब बाई, मी आहे ना. ती जीभ टेकायच्या आत मी अंगातला कोट काढला, त्याने कालवडीला नखशिखांत खसाखसा पुसलं, चिंब झालेला कोट कुंपणावर टाकला आणि कालवडीला दोन्ही हातांत उचलून घराकडे निघालो. वजन माझ्या कल्पनेबाहेरचं होतं. मागून गाय हंबरत होती. मला वाटलं, आभार मानत असेल.

न्हाणीघरात बायकोने काय केलं हेही सांगायला हवं, कारण पुढे ती सगळ्यांना सांगत सुटली की हे सगळं 'यांनी' केलं. गरम पाणी तिने काढलं. लिंबाच्या वासाचा साबण तिने दिला. 'डोळ्यांत जाऊ देऊ नका' असंही तीच म्हणाली. आम्ही दोघांनी मिळून त्या लेकराला अशी आंघोळ घातली की आमच्या स्वतःच्या मुलांना कधी मिळाली नसेल. मग वाळवायला बायकोने आपला केस वाळवायचा ड्रायर आणला. ड्रायर, पाण्याचा हीटर आणि बाहेरची मोटर हे तिघं एकत्र नांदू शकत नाहीत, हे मेव्हण्याने सांगितलेल्या शंभर गोष्टींत होतं, पण ती गोष्ट बहुधा नव्वदीच्या पुढची असावी. फट् असा आवाज झाला, घरात अंधार झाला आणि मोटर बंद पडली. तरी कालवड बऱ्यापैकी सुकली होती. बायकोने तिच्या कपाळावरचे केस कंगव्याने एका बाजूला वळवले. ती इतकी नीटनेटकी दिसत होती की तिला तशीच फोटो काढायला नेता आली असती.

आम्ही मोठ्या अभिमानाने तिला आईसमोर उभं केलं. गायीने नाक पुढे केलं, एक दीर्घ श्वास घेतला, फुरफुरली आणि दोन पावलं मागे सरकली. कालवड लडखडत तिच्या पोटाकडे गेली. गायीने लाथ मारली. कालवड गवतावर कोलमडली. आम्हाला वाटलं चुकून लागली. पुन्हा उभी केली, पुन्हा लाथ बसली, आणि ही नक्कीच चुकून नव्हती.

कुंपणापलीकडे भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एक बाई राहतात. आमच्याकडे भांडं पडलं तरी त्यांना कोणतं पडलं ते कळतं. त्या लगेच कुंपणाशी आल्या आणि म्हणाल्या, मीठ चोळा, गुरांना मिठाची आवड असते. बायकोने मूठभर मीठ आणून कालवडीला चोळलं. गायीने एकदा जीभ लावली, तोंड वाकडं केलं आणि पाठ फिरवली. लिंबू आणि मीठ एकत्र लागलं की कशी चव येते ते आपल्याला माहीत आहेच. मग बाईंनी मत बदललं, साबणाचा वास घालवा म्हणाल्या. मोटर बंद, म्हणून बादलीतल्या उरलेल्या थंड पाण्याने आम्ही तिला पुन्हा धुतलं. वास गेला नाही, पण कालवड थरथरायला लागली.

शेवटी डेअरीवाल्याला बोलावलं. हा माणूस बोलतो कमी आणि उसासे जास्त टाकतो. त्याने कालवडीचं डोकं हुंगलं आणि विचारलं, कसला वास येतोय हा? मी म्हटलं, लिंबाचा. तो तिथली बादली उपडी करून तिच्यावर बसला. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. गाय आपलं वासरू वासावरून ओळखते. जन्मल्यावर चाटून चाटून तो वास तिच्या डोक्यात बसतो. आम्ही ओळखीचा तो वास साबणाने धुऊन टाकला होता. यात नुसती माया आटली असती तर निभावलं असतं. पण वासराला पहिल्या काही तासांत आईचं पहिलं दाट पिवळं दूध, म्हणजे चीक, पोटात जावाच लागतो. तो गेला नाही तर त्याला रोगाशी झगडायची ताकद येत नाही. "दुपारपर्यंत प्यायली पाहिजे साहेब," तो म्हणाला, "नाहीतर ही राहायची नाही." आसपास त्या आठवड्यात दुसरी कोणतीही गाय व्याली नव्हती. चीक फक्त याच गायीजवळ होता.

मग त्याने पिळून काढायचा प्रयत्न केला. गायीचे मागचे पाय बांधले, खाली बसला, पण गायीने दूध चोरलं. म्हणजे आचळात असून वर ओढून धरलं, सोडलंच नाही. गायीला हे करता येतं, हे मला नवीन होतं. आमच्या खात्यातही काही लोकांना ते येत असे, पण त्यांच्या बाबतीत दुधाचा प्रश्न नव्हता.

मी जनावरांच्या दवाखान्यात फोन लावला. कंपाउंडरने विचारलं, डॉक्टर बाहेर गेलेत, केस कुणाची? मी म्हटलं, वासराची. त्याने वासराचा टॅग नंबर विचारला. मी म्हटलं, ते आत्ता सकाळी जन्मलंय. तो म्हणाला, मग टॅग नाही, आणि टॅग नाही तर नोंदीत वासरू नाही. मी म्हटलं, अहो, ते माझ्यासमोर उभं आहे. तो म्हणाला, असेल, पण तुम्ही त्याचे मालक आहात का? मी म्हटलं, मालक ऑपरेशनला गेलेत. तो म्हणाला, मग त्यांना येऊ द्या, ते अर्ज देतील. एरवी मी रागाने लाल झालो असतो, पण त्या घटकेलाही मला त्याचं मनातून कौतुक वाटलं. नसलेल्या वासराला, नसलेल्या मालकाच्या नावाने, नसलेले डॉक्टर तपासू शकत नाहीत, हा मुद्दा बिनतोड होता. मी फोन ठेवला.

फोन ठेवतोय तोच तो वाजला. मेव्हणा होता. त्याला आत न्यायची वेळ झाली होती आणि नर्स फोन मागत होती, पण तो देत नव्हता.

"व्याली का?"

"व्याली. कालवड आहे."

पलीकडे तो नर्सला सांगताना ऐकू आला, कालवड झाली, कालवड. नर्स त्याला झोपून राहायला सांगत होती. मग त्याने विचारलं, "चाटतेय ना तिला?"

मी खोटं बोलत नाही, म्हणजे शक्यतो नाही. मी गायीकडे पाहिलं. ती कुंपणाशी मान घालून कशाला तरी अगदी मनोभावे चाटत होती. मी म्हटलं, "चाटतेय की. जीव लावून चाटतेय."

"मग मला काही काळजी नाही," तो म्हणाला. "ती चाटते ना भावोजी, ते तिचं पिल्लू. एकदा ठरवलं की ठरवलं."

फोन बंद झाला. मी पुन्हा नीट पाहिलं. ती माझा कोट चाटत होती.

कॉलरपासून खिशापर्यंत, खिशापासून अस्तरापर्यंत ती त्याला चाटत होती आणि मधूनच घशातल्या घशात अगदी हळू आवाजात हंबरत होती. डेअरीवाला कोट घ्यायला पुढे झाला, तर तिने शिंगं खाली केली. पोटच्या पोरीला लाथ मारणारी ती माउली माझ्या कोटाच्या रक्षणासाठी माणसाच्या अंगावर जायला निघाली होती. सगळा उलगडा झाला. जन्माचा वास मी त्या कोटाने टिपून घेतला होता. गायीच्या हिशेबी तिला आज सकाळी एक लोकरी, करड्या रंगाचं, तीन बटणांचं बाळ झालं होतं.

मग उपाय सोपा होता, निदान भूगोलाच्या बाईंना तसं वाटलं. कोट वासराला घाला. डेअरीवाल्याने गायीला पेंड दाखवून बाजूला नेलं, आम्ही कोट सोडवला आणि कालवडीचे पुढचे पाय बाह्यांत घातले. गाय आली, तिने हुंगलं आणि चाटायला लागली. कालवडीने एक पाऊल टाकलं, खुरावरून बाही लोंबली, त्यात पाय अडकला आणि ती नाकावर आपटली. बाह्या दुमडल्या, तर मागचं टोक पायाखाली आलं. पुन्हा पडली. बाई म्हणाल्या, कापा तो कोट. बायको कात्री आणायला धावली. माझं लक्ष कोटाकडे नव्हतं, कारण या वेळी कालवडीने उठायचा प्रयत्नच केला नव्हता. तिने मान गवतावर टाकली होती आणि कान खाली पडले होते. डेअरीवाल्याने तिच्या तोंडात बोट घालून पाहिलं आणि म्हणाला, तोंड गार पडायला लागलंय.

मला गाडीत बसताना माझा हात धरणारा मेव्हण्याचा तो हात दिसायला लागला. मला भीती वाटली, खरी भीती. साहेबाने बोलावल्यावर वाटते तशी नाही, तर आपल्या हाताखाली कुणीतरी विझत चाललंय आणि ते आपल्यामुळे, अशी. पुढचं मी विचार करून केलं असं म्हणणार नाही. मी कालवडीच्या अंगातून कोट काढला, स्वतः घातला, बटणं लावली, आणि कालवडीला उचलून गायीच्या पोटाशी गुडघ्यांवर बसलो. कालवडीला मी मांड्यांमध्ये धरलं आणि कोटाच्या आत घेतलं. फक्त तिचं डोकं माझ्या हनुवटीखालून बाहेर राहिलं.

गायीने मान वळवून माझी पाठ हुंगली. मग तिने सुरुवात केली.

गायीची जीभ म्हणजे पॉलिशपेपर असतो, हे ऐकून होतो. पाठीवर कापड होतं तोवर ठीक होतं. मग ती कॉलरवरून मानेवर आली, मानेवरून कानामागे गेली, आणि तिथून माझ्या टाळूवर. टाळूवरचे जे काही केस मी रोज सकाळी जपून उजवीकडून डावीकडे नेतो, ते तिने एका फटक्यात डावीकडून उजवीकडे नेले. कुंपणावर भूगोलाच्या बाईंच्या शेजारी आता त्यांचे यजमान आले होते, आणि सायकलवरून उतरून पोस्टमनही उभा होता. हॉटेलमालक ज्याला पाहून उभे राहायचे तो मी, शेणात गुडघे टेकून, डोळे मिटून गायीकडून भांग पाडून घेत होतो.

"साहेब, हलू नका," डेअरीवाला कुजबुजला. "पान्हा सोडतेय."

माझ्या गुडघ्यावर काहीतरी कोमट टपटपत होतं. दाट, पिवळं. मी हात लांबवून बोटं त्यात भिजवली आणि कालवडीच्या तोंडात घातली. आधी काहीच झालं नाही. पुन्हा भिजवून घातली. मग तिची जीभ हलली. ती माझं बोट चोखायला लागली, आधी नुसतं तोंड लावून बघितल्यासारखं आणि मग हक्काने. मी तिचं तोंड तसंच धरून आचळापाशी नेलं आणि बोट काढून घेतलं. तिला ते सापडलं. तिच्या घशातून खाली उतरणारा पहिला घोट माझ्या मांडीला जाणवला. बायको कात्री हातात धरून तशीच उभी होती. ती रडत होती, आणि मला वाटतं हसतही होती, पण माझी मान गायीच्या ताब्यात असल्यामुळे मला नीट दिसलं नाही.

किती वेळ गेला सांगता येत नाही. माझे गुडघे बधिर झाले. चीक कालवडीच्या तोंडावरून, कपाळावरून ओघळत होता, त्या कंगव्याने वळवलेल्या केसांवरून माझ्या कोटाच्या आत जात होता. मग चाटता चाटता गायीची जीभ माझ्या हनुवटीवरून घसरली आणि कालवडीच्या डोक्यावर पडली. गाय थांबली. तिने हुंगलं. फुरफुरली. डेअरीवाला उठून उभा राहिला. गायीने पुन्हा कोट हुंगला, पुन्हा कालवडीचं डोकं हुंगलं, असं तीनचारदा केलं, कागदावरची सही मूळ सहीशी ताडून बघावी तसं. मग तिने कालवडीच्या कपाळावरून जीभ फिरवली. एकदा, आणि पुन्हा एकदा. घशातून तो हळू आवाज आला, जो ती इतका वेळ माझ्या कॉलरला ऐकवत होती.

आणि मग तिने आपल्या कपाळाने माझ्या छातीला एक ढुशी दिली. मी मागच्या मागे शेणात जाऊन पडलो. कालवड कोटातून निसटली, लटपटत चार पायांवर उभी राहिली आणि स्वतःच पुन्हा आचळाला लागली. गाय तिला शेपटीपासून मानेपर्यंत उलट्या दिशेने चाटायला लागली. मी उठायला गेलो, तर गायीने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, की हे कोण गृहस्थ आणि इथे कशासाठी आलेत. मला वाईट वाटलं. हसायचं असेल त्याने हसावं, पण वाटलं. इतका वेळ जिने मला आपलं मानलं, तिला आता मी नकोसा झालो होतो. आणि त्याच वेळी माझा जीव असा भांड्यात पडला होता की मला तिथून हलवेना.

बायकोचा फोन वाजला. मेव्हणा भूल उतरताच बोलायचं म्हणून हट्ट धरून बसला होता. त्याने पोटाचं काही सांगितलं नाही, नुसतं विचारलं, प्यायली का? बायको वाकली आणि तिने फोन कालवडीच्या तोंडाजवळ नेला. चूप चूप, चूप चूप, असा आवाज सगळ्या आवारात भरून राहिला होता. पलीकडे त्याने नाक ओढलं आणि विचारलं, "ताई, भावोजी कुठेत?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मी शेणात हात टेकून बसलो होतो, केस उलट्या बाजूला आणि डोळ्यांत पाणी.

"इथेच आहेत," ती म्हणाली. "तिच्याजवळ बसलेत."